चौदा जोड

“बोट लाव, मग आकडा,” आई म्हणाली. “नुसतं गाणं म्हणत पुढे पळायचं नाही.”

आज मोजायची पाळी बडबडीची होती. नसती तरी तिने ती घेतलीच असती. तिने मांडणीतल्या पहिल्या बुटांवर बोट टेकवलं आणि छपराला भोक पडेल अशा आवाजात “एक!” म्हणून ठोकलं. मागून बाकीची पलटण ओरडली, “एक!” मग निळे सँडल दोन झाले, फाटक्या बंदाचे बूट तीन झाले, आणि असं करत करत शेवटच्या पिवळ्या बुटांपाशी बोट आलं.

“चौदा!”

आईने दाराला कडी घातली. चौदा जोड म्हणजे बागेतून सगळे परत आले. तेहतीस वर्षांत या हिशेबात काही बदललं नव्हतं.

या पाळणाघरात सगळं मोजलं जायचं आणि मोठ्याने मोजलं जायचं. जिन्याच्या पायऱ्या, चमचे, उशा, दोरीवरचे रुमाल. मनातल्या मनात मोजणारा माणूस स्वतःलाच फसवतो, असं आईचं ठाम मत होतं, आणि आईची मतं सगळीच ठाम असायची. तिच्या हाताखाली मोजायला शिकलेली मुलं आता आपली मुलं तिच्याकडे सोडून जात होती. मोजायची नव्हती ती फक्त मुलं. त्यांचे बूट मोजा, पेले मोजा, त्यांना मोजू नका. आईच्या थोरल्या लेकीने, ताईने, बालसंगोपनाचा वर्षभराचा कोर्स केला तेव्हा ती एक जाडजूड हजेरीवही घेऊन आली होती. दर तासाला डोकी मोजायची, असं तिला तिथे शिकवलं होतं. आईने वही उलटसुलट करून पाहिली, आणि दुसऱ्या दिवशी ती खेळण्यांच्या डुगडुगणाऱ्या कपाटाच्या पायाखाली गेली. कपाट तेव्हापासून जागेवर आहे. कोर्सचा एवढा तरी उपयोग झाला, असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. ताईला त्यावर एकदाही हसू आलं नाही.

जेवणं झाली आणि सुनेने छोट्या गाद्या घातल्या. हे काम तिचं. कोण कुणाशेजारी झोपलं की मारामारी होते, कुणाला खिडकी लागते, कुणाला भिंत लागते, हे तिला पाठ होतं. सासूबाईंनी तिच्यावर एवढंच काम पूर्णपणे सोपवलं होतं, म्हणून ती ते जिवापाड करायची. पडदे ओढून ती वळली आणि तिला खिडकीकडून तिसरी गादी रिकामी दिसली.

ती मुंगीची जागा होती. चार महिन्यांत त्या पोरीच्या तोंडून कुणी शब्द ऐकला नव्हता. मोजायच्या वेळीसुद्धा तिचं फक्त बोट हलायचं. अशी मुलगी जेवायला बसली होती की नव्हती, हे आठवायचं म्हटलं तर सुनेला आठवेना. तिने वाढलं होतं ते बडबडीच्या गडबडीत.

न्हाणीघरात असेल, म्हणून ती न्हाणीघरात गेली. मग दारामागे पाहिलं, मग बाहुल्यांच्या पेटीत. पेटीचं झाकण लावून ती बुटांच्या मांडणीपाशी गेली.

“ताई,” ती स्वयंपाकघरात येऊन अगदी हळू म्हणाली. “मुंगी दिसत नाहीये.”

ताईच्या हातातला पेला तसाच राहिला. “दिसत नाही म्हणजे?”

“गादीवर नाही. न्हाणीघरात नाही.”

“बूट?”

“बूट आहेत. पिवळे बूट मांडणीत आहेत. मी आत्ता परत मोजून आले. चौदाच आहेत.”

“मग घरातच असणार,” ताई म्हणाली आणि तिने पेला खाली ठेवला. “बूट इथे म्हणजे मूल इथे.”

पुढे कितीतरी दिवस या वाक्याने ताईची झोप उडवली. डोकी मोजा म्हणून सात वर्षं घसा कोरडा करणारी ताई, पण ऐन वेळी तिच्याही तोंडून आईचाच नियम निघाला. घरात वाढलेलं माणूस घराच्या बाहेर विचार करू शकत नाही, हेच खरं. बूट घरात होते म्हणून ते सगळे घरातच शोधत राहिले आणि वीस मिनिटं गेली.

ताईचा धाकटा भाऊ, सुनेचा नवरा, शेजारच्या छापखान्यातून जेवायला म्हणून घरी आला होता. तो ताट तसंच टाकून उठला. त्याने पलंगाखाली पाहिलं, कपड्यांच्या कपाटात पाहिलं. सुनेने धुण्याचं पिंप पालथं केलं. आई प्रत्येक दार उघडत होती आणि बंद करत होती, एकच दार दोनदा, तीनदा. मुलं झोपली होती म्हणून कुणाला मोठ्याने हाक मारता येत नव्हती. सगळे जण कुजबुजत शोधत होते आणि त्या कुजबुजण्यानेच जीव आणखी घाबरा होत होता.

“गच्ची,” सून एकदम म्हणाली.

धाकट्याने तिच्याकडे पाहिलं. गच्चीत पाण्याची टाकी होती. तो एकाआड एक पायऱ्या चढत गेला. सून जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी राहिली, तिला वर जाववेना. टाकीचं झाकण सरकल्याचा आवाज खाली ऐकू आला. नंतर काहीच नाही. तेवढ्या वेळात तिने देवाला काय काय कबूल केलं ते तिचं तिलाच माहीत.

“नाही,” वरून आवाज आला. “नुसतं पाणी आहे.”

ती पायरीवरून खाली उतरली. तेव्हा आतल्या खोलीतून एक जागा आवाज आला.

“काकू, ती इथे नाहीच्चे.”

बडबडी गादीवर बसून होती. झोपेशी तिचं वैरच होतं.

सून धावत तिच्यापाशी गेली. “कोण नाही गं?”

“मुंगी. ती बागेतच खेळतेय.”

“अगं, पण तिचे बूट?”

“ते मी आणले!” बडबडीचा चेहरा कौतुकाच्या अपेक्षेने फुलला. “तिने वाळूत काढून ठेवले होते. कुणाचं काही राहिलं तर आपण आणून जागेवर ठेवायचं. आजी सांगते की नाही?”

सुनेने मान वर केली. आई दारात उभी होती आणि तिने शब्द न् शब्द ऐकला होता. हे खरंच तिनेच शिकवलं होतं, रोज, तेहतीस वर्षं.

“हो बाळा,” आई म्हणाली. “मीच सांगते.”

‘बागेत’ एवढं ऐकून ताई तोवर रस्त्यावर होती.

बाग दोन गल्ल्या सोडून होती आणि मध्ये वाहता रस्ता होता. मुलं तो दोरीला धरून ओलांडायची. पुढे आई, मागे ताई. मागे ताई! चाळीस वर्षांची बाई धावत सुटलेली पाहून लोक बाजूला होत होते आणि ताईच्या डोक्यात हे दोनच शब्द वाजत होते. शेवटच्या मुलाच्या मागे चालायचं, मागे वळून बाग रिकामी झाली का बघायचं, एवढंच तिचं काम होतं. आणि नेमका त्या वेळी फोन आला होता. मोठ्या शाळेतून. शिशुवर्गाच्या प्रमुख म्हणून तुमची निवड झाली आहे. ताईने वळून बाग पाहिलीच नव्हती. तिला समोरची दोरीसुद्धा नीट दिसली नव्हती, इतका तिला आनंद झाला होता.

रस्त्याच्या कडेला तिने नको ते आधी शोधलं. गर्दी नव्हती. काच पडलेली नव्हती. ती रस्ता ओलांडून बागेत शिरली. वाळू रिकामी. झोके रिकामे. दुपारची बाग एरवी तिला फार आवडायची.

“मुंगे!” ती ओरडली. मग तिला आठवलं की ही मुलगी ओ देत नाही.

कोपऱ्यात माळ्याची अवजारांची खोली होती. बाहेर कुलूप. माळी जेवायला गेला असणार. ताई तिच्यावरून पुढे गेली, संडासापर्यंत जाऊन परत आली, आणि परत येताना थबकली. आतून कुणीतरी बोलत होतं. बारीक, घोगरा, कधी न ऐकलेला आवाज.

“...पाच. सहा. सात.” मग थोडं थांबून, “एक. दोन. तीन.”

ताईने फटीला डोळा लावला. मुंगी अनवाणी बसली होती. तिच्यापुढे रिकाम्या कुंड्यांची रांग होती आणि ती एकेका कुंडीवर बोट लावत होती. सात कुंड्या. संपल्या की पुन्हा पहिलीपासून. गालांवर मातीचे ओघळ वाळले होते. रडून झालं होतं आणि मग ती मोजायला लागली होती.

“मी आले गं,” ताई दाराला तोंड लावून म्हणाली. “मी इथेच आहे. मोज तू, मोठ्याने मोज.”

माळ्याला शोधून आणेपर्यंत ती दार सोडून हलली नाही. झोक्यापाशी आलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना तिने माळ्याच्या शोधात पिटाळलं. आत मोजणी चालूच होती.

एक वाजता मुंगी ताईच्या कडेवर घरी आली आणि सगळ्यांच्या जिवात जीव आला. तो फार वेळ टिकला नाही. दीड वाजता तिची आई येणार होती. आज पाळी बदललीय, लवकर नेते, असं ती सकाळीच सांगून गेली होती.

स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं गेलं. मुंगी ओट्याजवळच्या स्टुलावर बसून दूध पीत होती. सुनेने तिच्या पायांशी कोमट पाण्याचं घमेलं आणून ठेवलं.

“सापडली ना? मग विषय संपला,” धाकटा म्हणाला. “पाय धुवा, बूट घाला, आणि तोंडात मूग धरून बसा. पोर तर बोलतच नाही.”

“बोलते,” ताई म्हणाली. “मी ऐकलंय.” मग ती आईकडे वळली. तिचा आवाज चढत गेला. “बूट! आई, बूट मोजतेस तू! सात वर्षं मी सांगतेय, माणसं मोज. कपाटाखाली घातलीस ना माझी वही? आता बस कपाटाकडे बघत.”

“पण मोजणीनंच सापडली ना ती?” सून म्हणाली.

“मोजणीनंच हरवली!”

सुनेने घमेल्यात बुडवलेला रुमाल पिळला. ती घरात येऊन अकरा वर्षं झाली होती आणि ताईला उलट बोलायची तिची छाती कधी झाली नव्हती. “ताई, रांगेच्या शेवटी तुम्ही होतात.”

ताई तिच्याकडे वळली.

“तुम्ही सगळे गल्लीत शिरताना मी खिडकीतून पाहिलं. तुम्ही फोनवर होतात. हसत होतात.”

ताईचा चेहरा पडला. ती नळाकडे गेली, उगीच हात धुतले. “मला नोकरी लागलीय,” ती पाठमोरीच म्हणाली. “मोठ्या शाळेत. आज सांगणारच होते.”

“अरे वा,” धाकटा म्हणाला, आणि बायकोने पाहिल्यावर गप्प झाला.

ताई वळली तेव्हा तिचा सगळा जोर गेला होता. “म्हणजे... आज नाही सांगितलं तर नाही का चालणार? हे बाहेर गेलं तर कोण ठेवणार मला तिथे? उद्यापासून मी स्वतः दर तासाला मोजते. जाईपर्यंत मोजते. आई, खरंच.”

“मी तेच म्हणतोय,” धाकट्याने लगेच री ओढली. भाऊबहिणीचं एकमत व्हायला इतकी वर्षं आणि एक हरवलेली मुलगी लागली. “अगं, धू ना तिचे पाय. बघत काय बसलीस?”

सुनेने मुंगीचा पाय हातात घेतला होता. तळवा काळा झाला होता, टाचेवर ओरखडा होता. हा पाय धुतला की आपणही यात आलो, एवढं तिला अगदी स्पष्ट कळलं. तिने रुमाल घमेल्यात टाकला.

“मी नाही धुणार. उद्या माझ्या पोरीचं असं झालं आणि कुणी तिचे पाय धुवून तिला माझ्या हाती दिलं तर?”

“आई, तू सांग हिला,” धाकटा म्हणाला.

आई इतका वेळ डब्यांच्या फळीकडे पाहत उभी होती. ती बोलली तेव्हा ताईशी बोलली. “तू सात वर्षांची होतीस. आठवतं?”

“काय?”

“मधला गेला त्या वर्षी. तापाने तीन दिवसांत गेला. जेवायला पानं घेतली की मी तुम्हाला मोजायची, नेहमीची सवय. एक, दोन, तीन. तो गेला तरी जीभ तीनवर जायचीच. एके दिवशी तू पानावरून उठून माझ्या तोंडावर हात ठेवलास. म्हणालीस, आई, आम्हाला मोजू नकोस ना. आम्ही कमी होतो.”

ताईला हे आठवत नव्हतं. तिने आठवायचा प्रयत्न केला आणि तिला फक्त आईच्या ओठांचा ओलसरपणा तळहाताला जाणवला. तो खरा की आत्ताच ऐकल्यामुळे, ते तिला कळेना.

“तेव्हापासून मी माणूस मोजलं नाही,” आई म्हणाली. “मला वाटायचं मी तुमचं ऐकतेय. मी माझी भीती सांभाळत बसले आणि मुलं बुटांवर सोपवली. तू फोनवर होतीस, ते तुझं तू बघ. पण कडी मी घातली. सांगणार मी आहे.”

“पाळणाघर बंद पडेल,” धाकटा म्हणाला.

“पडू दे.”

दारावरची घंटा वाजली. दीडला पाच मिनिटं कमी होती.

मुंगीची आई बसवर कंडक्टर होती. खाकी सदरा, खांद्याला तिकिटांची पिशवी, बोटांना शाई. ती दारात आली तेव्हा घाईतच होती. आणि समोर चौघांना ओळीने उभं पाहून तिची घाई थांबली.

“काय झालं?”

“तुझी मुलगी ठीक आहे,” आईने आधी तेवढं सांगितलं. मग बाकीचंही. बागेत राहिली. माळ्याच्या खोलीत कोंडली गेली. आम्ही बूट मोजले, तिला मोजलं नाही. तिच्या मैत्रिणीने बूट आणले होते म्हणून आम्हाला कळलंही नाही. आईने कुणाचं नाव घेतलं नाही आणि एकही शब्द गाळला नाही.

“शेवटी मी होते,” ताई मध्येच म्हणाली. तिचं तिलाच नवल वाटलं. “मी मागे वळून पाहिलं नाही.”

कंडक्टर बाईने त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती गुडघ्यांवर बसली, मुंगीला जवळ घेतलं, आणि तिचे पाय उलटून पाहिले. टाचेवरच्या ओरखड्यावरून अंगठा फिरवला. ती ओरडेल म्हणून सगळे वाट पाहत होते. ओरडली असती तर त्यांना सोपं गेलं असतं.

“किती वेळ?” तिने विचारलं.

“तासभर,” आई म्हणाली. “जवळजवळ.”

“मी गाडी सुटायच्या आधी माणसं मोजते. रोज. साठ-साठ माणसं, अनोळखी.” ती उठली. तिचा आवाज चढला नव्हता. “मोजा.”

“आं?”

“आत्ता, माझ्यासमोर मोजा. बूट नाही.”

आतल्या खोलीत पडदे ओढलेले होते. आई दाराकडच्या पहिल्या गादीपाशी वाकली, झोपलेल्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. “एक.” पुढच्या गादीकडे सरकली. “दोन.” तिसऱ्या गादीपाशी तिचा हात हवेतच राहिला. ताई दारात होती, तिने डोळे मिटले. धाकटा फरशीकडे बघत होता. कंडक्टर बाईला यातलं काहीच माहीत नव्हतं. गाडी थांब्यावर उभी असावी तशी ती उभी होती.

आईने हात खाली नेला. केस घामाने ओले होते, डोकं गरम होतं. “तीन,” ती म्हणाली.

पुढचे आकडे भराभर आले. बडबडीने डोक्यावर हात पडताच झोपल्याचं सोंग घट्ट केलं. तिच्यावर तेरा झाले. आई कंबर धरून सरळ झाली आणि चौदाव्यासाठी तिने मुंगीच्या डोक्याकडे हात नेला.

बाईने मुलीला मागे ओढलं. “हिला मी मोजलंय.”

आईचा हात तसाच राहिला, मग खाली आला. सुनेने मांडणीतले पिवळे बूट आणून दिले. बाईने ते मुलीच्या पायात घातले नाहीत, पिशवीत टाकले, आणि मुंगीला कडेवर घेतलं.

ती उंबऱ्याबाहेर पडली तेव्हा धाकट्याला राहवलं नाही. “उद्या...” तो म्हणाला. “उद्या आणाल ना तिला?”

“पावणेसहाला आणते.”

सुनेने सोडलेला श्वास सगळ्यांना ऐकू आला. “फार उपकार झाले हो,” ती म्हणाली. “तुम्ही एवढा विश्वास...”

“विश्वास कसला, बाई?” मुंगीची आई जिन्यात थांबून म्हणाली. “माझी पहिली गाडी सहाला सुटते. दुसरीकडे कुठे ठेवू हिला?”